काकांची इंग्रजी आणि मावशीची नात

आमच्या सबंध मालवण किनाऱ्यावर कुत्र्याला इंग्रजीतून हाकलणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा होता. इतर लोक कुत्र्याला हाड् म्हणतात, दगड उचलल्याचं सोंग करतात. आमचे काका पडवीच्या पायरीवर उभे राहायचे, दोन्ही हात पाठीमागं बांधायचे आणि किंचित वाकून म्हणायचे, "प्लीज गो अवे." आणि सांगायला लाज वाटते, पण कुत्रं जायचं! "आवाज चढवक लागना नाय," काका म्हणत, "ह्या भाशेतच हुकूम आसा. सायब काय आरडान-बोंबलान राज्य करी होतो?" मावशीचं म्हणणं वेगळं होतं. तिच्या मते कुत्रं त्यांच्या काळ्या कोटाला भिऊन पळायचं, कारण तो कोट आगबोटीवरून उतरल्यापासून धुतलेला नव्हता.

माझे वडील मी लहान असतानाच गेले, म्हणून आई मला घेऊन तोंडवलीला या मावशीच्या आश्रयाला आली. तेव्हा काका नुकतेच आगबोटीची नोकरी सोडून घरी बसले होते. पोरवयात ते बोटीवर भांडी घासायला लागले आणि बटलर होऊन उतरले. त्यांची इंग्रजी सगळी साहेबाच्या जेवणाच्या टेबलाशी उभं राहून शिकलेली. त्यामुळं ती अतिशय अदबशीर होती, आणि तिच्यात शिवी म्हणून एकही नव्हती. भांडण निघालं की काका पहिलं वाक्य इंग्रजीत बोलायचे आणि दुसऱ्या वाक्याला सरळ मालवणीवर यायचे. "इंग्लिशीक दात नाय रे," ते मला समजावून सांगत, "ती पोट भरूची भास. चावूची भास आपलीच बरी." आपल्या भाषेचा त्यांना तसा कमीपणा वाटत नव्हताच मुळी. बोटीवरच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या इंजिनियरला त्यांनी चार वर्षं खपून मालवणी शिकवली होती. तो साहेब म्हणे वाफेच्या यंत्राशी मालवणीत बोलायचा आणि जेवायची घंटा झाली की "माका भूक लागली" म्हणत वर यायचा. साता समुद्रापार आपली भाषा नेणारा पहिला मास्तर मीच, असं काका छातीवर हात ठेवून सांगत. या गोष्टीला साक्षीदार कुणी नव्हता, पण आम्ही ती खरी मानून चाललो होतो.

तर अशा या माणसानं एकदा मनावर घेतलं की गावाला इंग्रजी शिकवायची. का, तर फायदे! इंग्रजीचे फायदे या विषयावर काका कुठंही, केव्हाही आणि कुणाहीपुढं बोलायचे. न्हाव्यापुढं बसले असताना बोलायचे, प्रेताला खांदा देताना बोलायचे. आणि या फायद्यांचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणून एक तार सांगायचे. आमच्याकडं त्या वेळी घरात तार आली की आधी रडायचं आणि मग ती कुणाकडून तरी वाचून घ्यायची, अशी रीत होती. तारेत मरणाशिवाय दुसरं काही असतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. शेजारच्या घरचा मुलगा मुंबईला होता; त्यांच्याकडं अशीच एकदा दुपारी तार आली. लगेच बायांनी गळा काढला, चुलीवरची बांगड्याची कढी सुतकाची म्हणून माडाच्या मुळात ओतली, निरोप धाडायला माणसं निघालीसुद्धा. तेवढ्यात काका कोट चढवून आले. तार वाचली आणि म्हणाले, "मेल्यांनू, झील जिवंत आसा! गोदीत नोकरी लागली त्येका!" रडणं जागच्या जागी थांबलं. पण त्या घरची म्हातारी काही केल्या खूश होईना. सारखी माडाच्या मुळाकडे बघत होती. त्या संध्याकाळी देवळाच्या पायरीवर काकांचं व्याख्यान झालं. "घरात एकाक जरी इंग्लिश येय असती," ते म्हणाले, "तर आज ती कढी वाचली असती." हा मुद्दा मात्र गावाला पटला. दुसऱ्या दिवशी पडवीत सात-आठ पोरं येऊन बसली.

पण पडवीत बसून भाषा येत नाही, ती कामात शिकायची, हे काकांचं मत. म्हणून ते वर्ग घेऊन थेट रापणीवर गेले. रापण म्हणजे अर्धा गाव लागतो. होडीनं लांबवर जाळं टाकून यायचं, आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. जो दोराला हात लावील त्याला माशांचा वाटा, मग तो वाटसरू का असेना. काका छत्री घेऊन दोराच्या तोंडाशी उभे राहिले आणि "पुल!" म्हणाले की सगळ्यांनी "पुल!" म्हणून ओढायचं, असं ठरलं. इथवर बरं चाललं. उलट त्या शब्दात जोर आहे असं पुष्कळांचं मत पडलं. घोटाळा झाला तो वाटे घालताना. आपला वाटा ज्यानं त्यानं इंग्रजीत, प्लीज म्हणून मागावा, असा काकांचा आग्रह. तीस-चाळीस माणसं रांगेत, एकेकाची जीभ अडखळते आहे, काका प्रत्येकाचं सुधारून घेताहेत, ऊन चढतं आहे, वर घारी जमल्या आहेत. शेवटी रापणीचा म्होरक्या वैतागला. "काकानूं," तो हात जोडून म्हणाला, "तुमची इंग्लिश काय कुसाची नाय, पण माझे बांगडे कुसतले!" तेव्हापासून वाटे मालवणीत आणि ओढणं इंग्रजीत अशी तडजोड झाली, आणि ती बरीच वर्षं टिकली.

हसायचं तेवढं हसून घेतलं, पण खरं तेही सांगितलं पाहिजे. काकांच्या हाताखालची पोरं खरोखरच पार लागली. कुणी गोदीत चिकटला, कुणी बोटीवर, एक जण तर आफ्रिकेत दुकानावर हिशेबनीस झाला. मी मॅट्रिक होऊन मालवणच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो तो काकांच्या इंग्रजीवरच. साहेबानं मुलाखतीत काय विचारलं ते मला अर्धंच कळलं होतं, पण उत्तर इतकं अदबीनं दिलं की साहेब खुर्चीतून उठला. आज मी चार घास खातो ते त्या माणसाच्या जिवावर. त्याला वेडा म्हणणारे पुष्कळ भेटले मला. त्यांतल्या निम्म्यांची पोरं काकांनीच मार्गाला लावली होती.

आणि या सगळ्या शिष्यांत अव्वल कोण, तर काकांची एकुलती एक मुलगी, सुलू. मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. ती स्वप्नातसुद्धा इंग्रजी बोलते असं मावशी काळजीनं सांगायची. काकांनी तिला मुंबईला नेऊन नर्सिंगला घातलं. गावानं नाकं मुरडली, पोरगी परक्यांच्या अंगाला हात लावणार म्हणून. काकांनी त्यांना दात असलेल्या भाषेत उत्तर दिलं. पुढं साठ सालाच्या आसपास सुलू विलायतेतल्या इस्पितळात नोकरीला निघाली, तेव्हा तिला पोचवायला काका आणि मी मुंबईच्या धक्क्यावर गेलो. मावशी आली नाही. बोट पुढं जाताना बघवणार नाही, म्हणाली. धक्क्यावर काकांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शेवटचा उपदेश केला. "थंय गेल्यार इंग्लिशच बोल. घरात, दारात, सगळीकडे. उद्या पोरांबाळां झाली तरी त्येंच्यावांगडा आपली भास काढू नको, नायतर ती मागे पडतली. आपली भास काय, ती आपसूक येता. आवशीची भास कोणाक कधी शिकवची लागता?" सुलूनं मान डोलावली. आणि ती पोरगी अशी गुणी, की बापानं सांगितलं ते तिनं अक्षरशः केलं.

सुलूनं तिकडंच लग्न केलं, एका गोऱ्या शाळामास्तराशी. बातमी कळली तेव्हा काकांनी दोन दिवस कोटाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी कोट चढवून गावात गेले आणि दिसेल त्याला सांगत सुटले, "जावय इंग्लिशचोच मास्तर आसा!" मावशीला जावयाचं काही नव्हतं. नात झाल्याचं कळल्यावर मात्र ती बदलली. नातीशी काय काय बोलायचं याचा ती साठा करायला लागली. पापड वाळत घालताना, भात कांडताना एकदम थांबायची आणि म्हणायची, "ह्या मात्र बायेक सांगूक व्हया." सुलू विहिरीत पडता पडता कशी वाचली ते सांगायचं. सुलूला पहिला दात आला तेव्हा तिनं आजोबांचं बोट कसं चावलं ते सांगायचं. असं पाच-सहा वर्षं साठत गेलं. पोरीला आपली भाषा येते का, हा प्रश्न तिच्या डोक्यात कधी आलाच नाही. यायचं कारणच नव्हतं. आपल्या लेकीची लेक, ती आपल्याशी आपल्यासारखं बोलणार नाही तर काय!

अखेर सुलू मुलीला घेऊन आली. महिनाभराची रजा होती. मुंबईहून आगबोटीनं मालवणला उतरल्या त्या दिवशी बंदरावर अर्धी तोंडवली हजर. पोरीचं नाव एमी. सहा वर्षांची, तांबूस केसांची, बोट लागल्यामुळं चेहरा लिंबासारखा पिवळा पडलेला. घरच्या उंबऱ्यावर मावशीनं मीठ-मिरच्या ओवाळल्या, पायांवर पाणी घातलं, आणि मग पाच-सहा वर्षांचा बांध फुटला. "आयलंस गो बाय माझ्या! केदां म्हणान वाट बघू! गो, कपाळ बघा हिचा, आवशीचाच कपाळ! भूक लागली आसात मां? हयसर ये, आजयेकडे ये." पोरगी आईच्या मागं दडली आणि बारीक आवाजात इंग्रजीत म्हणाली, "या बाईंना माझ्याकडून काय पाहिजे?" मावशीनं काकांकडं पाहिलं. "काय म्हणता ता?" काकांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले. मग म्हणाले, "म्हणता, आजी किती सुंदर आसा." मला इंग्रजी येत होती. मी खाली मान घालून ट्रंका उचलायला लागलो.

त्या महिन्यात काकांनी दुभाष्याचं काम केलं, पण ते बटलरच्या रीतीनं. भटारखान्यात काही करपो, काही सांडो, टेबलावर जाईल ते नीटनेटकंच गेलं पाहिजे, हा त्यांचा जन्माचा धर्म. एमी म्हणाली, मासा माझ्याकडं बघतोय, मला भीती वाटते. काकांनी मावशीला सांगितलं, असा मासा मी जन्मात खाल्ला नाही म्हणते. झालं! मावशीनं पुढं आठवडाभर दोन्ही वेळा तोच मासा रांधला, डोकं खास एमीच्या ताटात वाढलं, आणि घरातलं मांजर त्या आठवड्यात पालथं पडेल इतकं सुटलं. एका दुपारी मावशीनं सुलूच्या विहिरीची गोष्ट सांगायला घेतली. काय सांगितली म्हणून सांगू! उठून उभी राहिली, रहाटाचा आवाज काढला, स्वतः घाबरली, स्वतः रडली, पदरानं डोळे पुसून हसली. पोरगी तिच्या तोंडाकडं बघत होती, अर्धी हसत, अर्धी भेदरलेली. गोष्ट संपली तसं काका खाकरले आणि इंग्रजीत म्हणाले, "तुझी आई एकदा विहिरीपाशी घसरली होती." मावशी त्यांच्याकडं बघतच राहिली. "मी एवढा बोललंय, आणि तुमी येवढ्याच?" काका म्हणाले, "इंग्लिश आटोपशीर भास आसा." मावशीचा त्यावर विश्वास बसला नाही. ती साधी होती, खुळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती चुलीपुढून उठून पडवीत आली आणि काकांच्या समोर उभी राहिली. "त्या बोटीवरच्या गोऱ्या इंजनेराक तुमी मालवणी शिकवलास. चार वर्सां शिकवलास. आणि ह्या आपल्या घरातल्या चेडवाक आपली भास येना नाय? कोणी शिकवक नाय तिका?" सुलू आतून आली, खांबाला धरून रडायला लागली. "आये, माझो काय दोष गो? बाबांनीच सांगितला होता, पोरांवांगडा आपली भास काढू नको म्हणान. मी त्येंचा आयकलंय." मावशीनं काकांकडं पाहिलं. मला वाटलं आता ती बोलेल, आणि बोलायलाच हवं होतं. पण ती पदर खोचून परत चुलीकडं गेली, आणि त्या दिवशी भात करपला. माझ्या आठवणीत त्या घरात भात एवढा एकदाच करपला.

मग काकांनी पडवीत मालवणीचा वर्ग काढला. विद्यार्थिनी एक, दिवस उरलेले जेमतेम बारा. ज्या माणसानं अख्ख्या गावाला इंग्रजीचं खूळ लावलं, तो आता माडाच्या झावळीची काडी घेऊन एमीपुढं बसायचा आणि "माड", "शेण", "आजी", "कावळो" असं एकेक दाखवत सुटायचा. पोरगी हुशार होती, पण पोर होती. तिला शंख गोळा करायचे होते. चार दिवसांनी तिला पहिला शब्द आला, "नको." मग तिनं तो सगळ्यालाच लावला. मासा नको, तेल नको, झोप नको. आणि मावशीचा आनंद काय वर्णावा! नात नको म्हणते म्हणून हरखणारी आजी मी तेवढी एकच पाहिली. शेजारणींना बोलावून आणायची, मुद्दाम एमीपुढं काहीतरी धरायची आणि म्हणायची, "आयकलास? आपल्या भाशेत बोलता!" काका मात्र दिवसेंदिवस उतरत चालले. एकदा मला म्हणाले, "बाबू, आठ-धा म्हयने गावले असते ना, तर मी हिका तयार केलंय असतंय. त्या इंजनेराच्या डोक्यात तर नुसती वाफ होती."

जायचा दिवस आला. लांबच्या प्रवासाला निघताना आमच्याकडं गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवून एक जाणता माणूस देवाला सगळं मोठ्यानं सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. अंगणात माणसं जमली. गावचा मानकरी म्हातारा गावकर, त्यानं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या घराची लेक आणि नात पाण्यापलीकडे जातत..." "होय म्हाराजा!" "त्येंच्या वाटेत काय आडवा येयत ता दूर कर रे म्हाराजा..." "होय म्हाराजा!" एमीला हा खेळ फारच आवडला. तिसऱ्या वाक्याला ती सगळ्यांच्या आधी ओरडली, "होय म्हाराजा!" माणसं हसली. गावकराचं संपलं, तो नारळ फोडायला वाकला, तेवढ्यात मागून मावशीचा आवाज आला. बाईमाणसानं गाऱ्हाण्यात बोलायची पद्धत नव्हती, पण तिला कुणी अडवलं नाही. "आणि म्हाराजा, माझे डोळे मिटूच्या आधी ह्या चेडवाक एकदा परत घेवन ये." कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. एमीनं इकडंतिकडं पाहिलं, आणि सगळे विसरले असं वाटून एकटीच खणखणीत म्हणाली, "होय म्हाराजा!" बायांनी पदर तोंडाला लावले. काका तुळशीकडं तोंड करून उभे राहिले.

बोट लागते म्हणून परतीचा प्रवास कोल्हापूरवरून ठरला होता. होडीनं खाडी ओलांडून, पुढं बैलगाडीनं आम्ही कट्टा या बाजारगावी आलो. एस्टी उभीच होती. सुलू आणि एमी खिडकीशी बसल्या. मावशीनं खिडकीच्या गजांतून एमीचा हात धरला आणि तिचं बोलणं सुरू झालं. जेवत जा, थंडीत कानाक बांधत जा, आवशीक तरास देव नको, आजयेक इसरा नको. एमी मान डोलवत होती. घंटी झाली, हात सुटला, गाडी हलली. आणि तेवढ्यात एमीनं आईकडं वळून इंग्रजीत विचारलं, पोराच्या त्या मोठ्या स्वच्छ आवाजात, की इतके दिवस आजी माझ्याशी सारखी काय बोलत होती?

मावशीनं सवयीनं विचारलं, "काय म्हणता ता?"

मी काकांकडं पाहिलं. महिनाभर हा माणूस एकदाही अडला नव्हता. आता त्याच्या ओठांची नुसती हालचाल झाली. मग म्हणाले, "इचारता... आजी माझ्याकडे येवढा काय बोला होती म्हणान."

मावशीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग गाडीकडं पाहिलं. गाडी बाजाराच्या तोंडाशी पोचली होती.

"मगे सांगा मां तिका!" ती ओरडली.

आणि काका धावले. पासष्टी उलटलेला माणूस, अंगात तो काळा कोट, एका पायातली वहाण पहिल्याच ढांगेत निसटलेली, एस्टीच्या मागं धावत होता आणि इंग्रजीत ओरडत होता. ती म्हणते तुझं कपाळ तुझ्या आईचं आहे! ती म्हणते भूक लागली का! तुझी आई विहिरीत पडत होती, हिनं केसांना धरून ओढली, रात्रभर तिला मांडीवर घेऊन बसली! ती म्हणते तुझी फार वाट पाहिली! ती म्हणते मी आहे तोवर ये! त्यांच्या त्या अदबशीर इंग्रजीत ओरडायची सोय नव्हती, तरी ते ओरडत होते. चार शब्दांत उरकलेलं महिन्याभराचं सगळं एका दमात सांगत होते. दुकानांतून माणसं बाहेर आली. त्यांना वाटलं म्हाताऱ्याची गाडी चुकली. एक जण तोंडापुढं हात धरून कंडक्टरला हाका मारायला लागला, "ओ, घंटी मारा, म्हातारो रवलो!" मी काकांच्या मागं पळत होतो. गाडी वळणावरून गेली, धुरळा खाली बसला, आणि काका रस्त्याच्या मधोमध गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले.

परत आलो तेव्हा मावशी बैलगाडीपाशी त्यांची वहाण हातात घेऊन उभी होती. तिनं ती त्यांच्या पायाशी ठेवली. "आयकल्यान मां तिना?"

"आयकल्यान."

"सगळा?"

"सगळा." काकांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी बैलाच्या मानेवरची माशी हाकलायला लागलो. "येतंय म्हणाली," ते मावशीला म्हणाले.

"मगे बरा," मावशी म्हणाली आणि गाडीत चढून बसली.

काकांचा वर्ग पुढंही चालू राहिला. इंग्रजीच्या फायद्यांवरची व्याख्यानंही बंद झाली नाहीत, आणि ते फायदे खोटे होते असं मी आजही म्हणणार नाही. फक्त परदेशी निघालेल्या प्रत्येक पोराकडून ते आता वचन घ्यायचे, की तिकडं लेकरं झाली की घरात आपली भाषा शिकवशील म्हणून. पोरं हसत हसत वचन द्यायची. कुणी पाळलं असेल, कुणी नसेल. एमी काही आली नाही. सुलू एकदा एकटी येऊन गेली. पोरीची शाळा होती.

मावशी त्यानंतर दोनच पावसाळे होती. शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून ती मला पुन्हा पुन्हा सांगायची, बाबू, त्या दिवशी कट्ट्याक माझ्या नातीक सगळा कळला बघ. कचेरीत दिवसभर इंग्रजी कागद वाचणारा मी तिच्या उशाशी बसून म्हणायचो, "होय गो मावशी, सगळा कळला."